पाचारण

आजच्या पेपरात हा शब्द दोनदा आला.
नागपाड्याच्या नाक्यावर राखीव दलास पाचारण.
खाली, लहान टायपात, रजेवरच्या डॉक्टरांना.
आमच्या मंडळीत तो पाळकांसाठी राखलेला असतो,
किंवा एखादीसाठी, जिच्या आईने
ती सहा वर्षांची असताना रविवारच्या शाळेत
सगळ्यांदेखत सांगून टाकलं:
हिच्या हाताला पाचारण आहे.

आठ महिने त्या हाताने भांडी घासली.
शेवटचं भोजन भिंतीला टेकून आहे, अर्धं.
तेरा माणसं बसलीत, तेरा ताटं मांडलीत,
ताटांत काही नाही.
कमिटीने कळवलं, यहूदाचा सदरा भगवा नको,
हिरवा तर नकोच,
निळाही नको, आपलेच लोक दुखावतील.
पांढरा? पांढरा पुढाऱ्यांचा.
मी ट्यूबा उघडून बसायचे.
प्रत्येक झाकणाखाली कुणाची तरी सभा भरलेली.

प्रार्थना करायचे, म्हणजे
मोबाइल पालथा ठेवायचे आणि पुन्हा उचलायचे.
कुठे प्रार्थना बंद पाडली,
कुठे आमच्याच माणसाने दोन मतं विकली
आणि उपकारस्तुतीच्या पाकिटात त्यातलेच पाचशे टाकले.
कुणासाठी काढायचं?
ब्रशांचे केस काड्यांसारखे ताठ झाले.

पाचजण जमू नयेत असा हुकूम असताना
एस्तेरबाई एकटीच जिना चढून आली.
काखेत क्रूस, साध्या सागाचा,
आजच्याच पेपरात गुंडाळलेला.

"माणिक, रंगाऱ्याने चुकवलंय बघ.
शांतावान केलंय ह्यांना.
मतदार यादीतही तेच होतं,
दोन तास उन्हात उभे राहिले, मग परत पाठवलं.
इथं तरी नीट लिही."

बेचाळीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.
आताही घेतलं नाही, सोडवून दाखवलं:
श ला काना, वर टिंब,
त नुसता,
व नुसता,
न.

मी पेपर जमिनीवर पसरला, क्रूस आडवा ठेवला.
तासणीने त चा काना खरवडला. मग व चा.
दोन उभ्या रेघा,
माणूस यादीबाहेर जायला तेवढ्या पुरल्या होत्या.
जागा पांढरी करून घेतली, वाळू दिली.
मग काळा. काळाही हल्ली निषेधाचा असतो,
ठाऊक आहे मला. त्या घटकेला तो एनॅमल होता,
घट्ट, थोडं टर्पेंटाइन मागणारा.

शांतवन त्रिभुवन.
गोदीत रिव्हेट ठोकायचे,
देवळात पेटी वाजवायचे, कायम अर्धी मात्रा मागे,
आणि अख्खी मंडळी त्यांच्यासाठी थांबून गायची.
शिरोरेघ ओढताना हात हलला नाही.
आठ महिने मला वाटत होतं
हात गेलाय.

एस्तेरबाई वाळेपर्यंत बसून राहिली.
खाली एक गाडी भोंग्यातून घरी जा सांगत फिरत होती.
तिने भिंतीकडे पाहिलं, जवळ गेली,
चष्मा कपाळावर चढवून ताटं मोजली.

"ह्यांच्या पुढ्यात काहीच नाही?"
"राहिलंय."
"कधीपासनं बसवलीस उपाशी?"
मी गप्प.
"मग वाढ की."

क्रूस उभा धरून ती उतरली,
अक्षरांना पदर लागू नये म्हणून
एकेक पायरी तिरकी.

पेपर तसाच पसरलेला. राखीव दलावर काळा थेंब.
मी ब्रश केरोसिनमध्ये भिजत घातले
आणि तोवर बोटानेच सुरुवात केली:
पिवळी माती, थोडा जळका तपकिरी,
कडेला तव्यावर लागलेला डाग.
भाकरी.
पहिली यहूदापुढे ठेवली.
त्याचा सदरा अजून ठरलेला नाही.